चाक का घासते?

पोंभुर्णा हे चंद्रपूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. सभोवार धानाच्या बांध्या आणि त्यांच्या पलीकडे साग व बांबू यांचे रान, असा हा मुलूख आहे. पावसाळ्यात येथील शेतवाटा चिखलाने भरून जातात. अशा वाटेवरून धानाची पोती न्यायची असोत, आजारी माणसाला चंद्रपूरच्या दवाखान्यात पोहोचवायचे असो, किंवा बाजाराला जायचे असो, सारा भरवसा चाकावर असतो. चाक नीट फिरले, तर प्रवास सुखाचा होतो. तेच कोठे घासू लागले, तर मध्येच रानात खोळंबून राहण्याची पाळी येते. म्हणून चाक का घासते आणि त्यावर उपाय कोणता, हे समजून घेणे आपल्या उपयोगाचे आहे.

प्रथम आपल्या ओळखीची बैलबंडी पाहू. बंडीच्या चाकाला दोन कामे एकाच वेळी करावी लागतात. त्याने आसाभोवती मोकळेपणाने फिरले पाहिजे आणि फिरताना आपली जागाही सोडता कामा नये. चाकाच्या मधोमध लाकडाचा जाड तुंबा असतो. त्यातून चहूकडे आरे निघतात. आऱ्यांच्या टोकांवर घेराचे लाकडी तुकडे बसवलेले असतात आणि त्या सर्वांना आवळून धरणारी लोखंडी धाव बाहेरून चढवलेली असते. धाव चढवण्याची रीत मोठी शहाणपणाची आहे. धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात. ती विस्तवात लाल होईपर्यंत तापवली, म्हणजे लोखंड प्रसरण पावते व धाव चाकावर सहज बसते. लगेच तिच्यावर पाणी ओतले, की ती आकुंचन पावते आणि सारे चाक घट्ट आवळले जाते. विज्ञानाच्या पुस्तकात आपण जो नियम शिकतो, तोच आपले लोहार पिढ्यान् पिढ्या वापरीत आले आहेत.

चाक आसावरून बाहेर निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला लोखंडी खीळ ठोकतात. पण ते आतल्या बाजूलाही फार सरकता कामा नये. कारण आत बंडीचा साटा असतो. चाक आणि साटा यांच्यामध्ये थोडी जागा राखलेली असते. तिला मोकळीक म्हणतात. वंगण न घातल्यामुळे किंवा दीर्घ वापरामुळे तुंब्याचे भोक झिजून मोठे झाले, की चाक डुगडुगू लागते. ते एका अंगाला कलते आणि ही मोकळीक खाऊन टाकते. मग साट्याच्या लाकडावर चकाकणारी चीर उमटते, बंडी कुरकुर करते आणि बैल लवकर थकतात. जाणता सुतार केवळ आवाज ऐकून वंगण घालून मोकळा होत नाही. तो आधी चाक हलवून पाहतो, चीर कोठे पडली आहे ते बघतो आणि मग तुंबा दुरुस्त करतो, किंवा तुंबा व साटा यांच्यामध्ये लोखंडी चकती घालतो.

तान्ह्या पोळ्याला तुम्ही लाकडी नंदीबैल ओढीत नेता. त्याची चाके कधी कधी अडतात, हे तुम्ही अनुभवले असेल. चाक नंदीच्या पाटाला चिकटून बसले, की ते फिरण्याऐवजी फरफटत जाते. चाक आणि पाट यांच्यामध्ये एखादी पातळ चकती सरकवली, की तेच चाक पुन्हा फिरू लागते. ही लहानशी गोष्ट ध्यानात ठेवा. मोटारीच्या चाकाचे शास्त्र याहून वेगळे नाही. तेथे हिशेब मात्र अधिक काटेकोर असतो.

आता मोटारीकडे वळू. बंडीच्या चाकाला लोखंडी धाव असते, तर मोटारीच्या चाकाला हवेने फुगवलेला रबरी टायर असतो. रबर उष्णतेने चिकट व थंडीने ठिसूळ होऊ नये म्हणून त्यावर गंधकाची प्रक्रिया करण्याची युक्ती अमेरिकेतील चार्ल्‌स गुडइयर याला १८३९ मध्ये साधली. हवा भरलेल्या टायरची कल्पना रॉबर्ट टॉमसन याने १८४५ मध्ये मांडली होती. परंतु ती त्या काळी मागे पडली. पुढे १८८८ मध्ये बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी असा टायर तयार केला आणि तेव्हापासून त्याचा प्रसार झाला. आपल्याकडे रबरी टायरच्या बैलगाडीला अनेक लोक आजही 'डनलॉप गाडी' म्हणतात, ते त्यामुळेच.

टायरच्या अंगावर काही अंक छापलेले असतात. ते वाचता आले, की पुष्कळ गोष्टी उलगडतात. समजा, जीपसारख्या एखाद्या गाडीच्या टायरवर '२१५/७५ आर १५' असे लिहिले आहे. यातील पहिला अंक म्हणजे टायरची रुंदी २१५ मिलिमीटर. दुसरा अंक सांगतो, की टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा ७५ इतकी, म्हणजे सुमारे १६१ मिलिमीटर आहे. 'आर' हे अक्षर टायरच्या आतील धाग्यांची मांडणी कशी आहे ते दाखवते. शेवटचा अंक म्हणजे मधल्या लोखंडी रिमचा व्यास, १५ इंच किंवा ३८१ मिलिमीटर. रिमचा व्यास आणि वरची व खालची अशा दोन भिंती मिळून टायरचा संपूर्ण व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर होतो.

आता असे समजा, की चिखलात गाडी रुतते म्हणून मालकाने मागच्या दोन चाकांना '२५५/७० आर १५' असे रुंद टायर बसवले. त्याचा हेतू समजण्यासारखा आहे. रुंद टायरचा भार अधिक जागेवर पसरतो. त्यामुळे मऊ जमिनीत तो कमी रुततो. उंटाचे पसरट पाऊल वाळूत रुतत नाही, त्याचे कारण हेच. परंतु मालकाने जमिनीचा विचार केला, तसा गाडीच्या सांगाड्याचा केला नाही. टायरची रुंदी ४० मिलिमीटरने वाढली. ती दोन्ही अंगांना सारखी वाटली गेली, असे ढोबळ मानाने धरले, तर टायर आतल्या बाजूला २० आणि बाहेरच्या बाजूला २० मिलिमीटर सरकला. पूर्वी टायर आणि सांगाडा यांच्यामध्ये ३० मिलिमीटर मोकळीक असेल, तर आता ती केवळ १० मिलिमीटर राहिली.

तुम्ही म्हणाल, दहा मिलिमीटर तरी शिल्लक आहेत ना? मग टायर घासण्याचे कारण काय? येथेच खरी मेख आहे. उभ्या गाडीत दिसणारी फट चालत्या गाडीत तेवढीच राहत नाही. गाडी वळणावर आली, की तिचा भार एका बाजूला झुकतो. टायरची भिंत रबराची असल्यामुळे ती वाकते आणि फुगते. मागचा आस ज्या लोखंडी पाट्यांवर बसवलेला असतो, ते पाटेही थोडे पिळले जातात. गाडीत माणसे किंवा पोती भरली, की सांगाडा खाली येतो. त्यातच टायरला चिकटलेला चिखल वाळून घट्ट होतो, तो निराळाच. हे सर्व एकत्र आले, की दहा मिलिमीटरची मोकळीक पाहता पाहता संपते. म्हणून पुष्कळदा टायर सपाट रस्त्यावर घासत नाही. वळणावर किंवा खड्ड्यातच त्याचा आवाज येतो.

हे घासणे वरवर किरकोळ वाटते. पण त्याचा परिणाम गंभीर होतो. पहिल्या टायरचा घेर सुमारे २२१० मिलिमीटर आहे. याचा अर्थ, एका किलोमीटरमध्ये चाक सुमारे ४५२ फेरे घेते. पन्नास किलोमीटरच्या वाटेत ते साडेबावीस हजारांहून अधिक वेळा फिरते. नवे रुंद टायर थोडे मोठे असल्यामुळे फेरे जरा कमी होतील. तरीही ते हजारांनीच मोजावे लागतील. दर फेऱ्याला रबराचा तोच पट्टा लोखंडावर घासला, तर घर्षणाने उष्णता निर्माण होते, रबर जळल्याचा वास येतो आणि भिंत झिजू लागते. टायरचा जमिनीला टेकणारा भाग जाड व बळकट असतो. भिंत मात्र पातळ असते. रबराखालील धागे एकदा कापले गेले, की ती भिंत साध्या ठिगळाने पूर्ववत होत नाही. असा टायर भरधाव गाडीत फुटला, तर गाडी आवरणे कठीण जाते. रात्रीच्या वेळी जंगलातील निर्जन रस्त्यावर, वाघ-अस्वलांच्या वावरात, आजारी माणसाला घेऊन गाडी अडकून पडली तर काय अनर्थ होईल, याची कल्पनाच केलेली बरी.

मग करावे काय? प्रथम दोष नेमका कोठे आहे ते शोधावे. जाणते मिस्त्री यासाठी एक साधी युक्ती करतात. टायरची आतली भिंत आणि तिच्यासमोरचा सांगाड्याचा भाग धुऊन पुसून कोरडा करतात व दोन्हींवर खडू फासतात. मग नेहमीइतके ओझे भरून गाडी हळूहळू सरळ रस्त्यावर, उजव्या वळणावर आणि डाव्या वळणावर चालवतात. गाडी थांबवून पाहिली, की ज्या जागेचा खडू पुसला गेला, तेथेच टायर घासतो, हे निःसंशय कळते. आवाजावरून केलेला तर्क चुकू शकतो; खडूची साक्ष सहसा चुकत नाही.

यानंतर मोजमाप करावे. गाडी सपाट जमिनीवर, नेहमीच्या ओझ्यासह उभी असावी आणि टायरमध्ये नेमून दिलेली हवा असावी. जॅक लावून सांगाडा उचलला, तर आस खाली लोंबतो आणि चाकाची जागा बदलते. म्हणून त्या स्थितीत घेतलेले माप उपयोगाचे नसते. दोन्ही मागच्या चाकांची आतली मोकळीक पट्टीने मोजावी. समजा, डावीकडे ४ आणि उजवीकडे १६ मिलिमीटर भरली. दोन्ही बाजू सारख्या असत्या, तर प्रत्येकी १० भरली असती. म्हणजे संपूर्ण आसच ६ मिलिमीटरने उजवीकडे सरकला आहे! अशा वेळी दोष केवळ रुंद टायरचा नसतो. पाटे आवळणारे यू बोल्ट सैल झाले असतील, पाट्यांना एकत्र धरणारा मधला बोल्ट तुटला असेल, किंवा पाट्यांच्या टोकांचे रबर झिजले असेल. हा दोष दुरुस्त न करता दुसरे काहीही केले, तरी दुखणे पुन्हा डोके वर काढील. मोकळीक दोन्ही बाजूंना सारखी आणि अपुरी भरली, तर मात्र टायरच त्या जागेच्या मानाने रुंद आहे, असे समजावे.

टायरच रुंद आहे असे ठरले, तर पहिला आणि उत्तम उपाय म्हणजे गाडी बनवणाऱ्या कारखान्याने नेमून दिलेल्या मापाचा टायर पुन्हा बसवणे. हे माप गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत आणि पुष्कळ गाड्यांत चालकाच्या दाराजवळच्या चिठ्ठीवर छापलेले असते. चिखलासाठी खोल नक्षीचा टायर हवा असेल, तर तोही त्याच मापात मिळू शकतो. म्हणजे रुंदी न वाढवता निम्मे काम साधते.

कारखान्याने अधिक रुंद टायरला संमती दिली असेल, तर त्याला साजेशी रिम घ्यावी लागते. रिमच्या आत एक तबकडी असते. तीच बोल्टांनी आसाच्या टोकावर आवळली जाते. ही तबकडी रिमच्या मध्यावरून गाडीच्या बाजूला असली, तर संपूर्ण चाक बाहेर येते. बाहेरच्या बाजूला असली, तर चाक आत जाते. तबकडीचे मध्यापासून जे अंतर असते, त्याला मिस्त्री लोक 'ऑफसेट' म्हणतात. योग्य ऑफसेटची रिम निवडली, की रुंद टायर सांगाड्यापासून दूर राहतो. मात्र तो बाहेर येऊन मडगार्डला घासत नाही ना, हेही पाहावे लागते. आतले दुखणे बाहेर ढकलले, म्हणजे ते बरे झाले असे होत नाही.

तिसरा उपाय म्हणजे तबकडी आणि आसाचे टोक यांच्यामध्ये धातूची चकती घालणे. हिला 'स्पेसर' म्हणतात. नंदीबैलाच्या चाकाला तुम्ही जी चकती घालता, तिचीच ही थोरली बहीण! पण मोटारीत हा उपाय जपून करावा लागतो. समजा, चाक आवळणारे बोल्ट १२ मिलिमीटर जाडीचे आहेत आणि नट त्यांच्या आट्यांवर १८ मिलिमीटरपर्यंत बसतो. मध्ये १० मिलिमीटरची चकती घातली, तर नटासाठी केवळ ८ मिलिमीटर आटे उरतात. बोल्टाच्या जाडीइतके तरी आटे नटात बसावेत, असा ठोकताळा आहे. येथे १२ हवेत आणि मिळतात ८. म्हणजे टायर घासणे थांबेल, पण चाकच निखळून पडण्याचे भय निर्माण होईल! शिवाय चाक बाहेर सरकल्याने आसाच्या टोकावरील ताण वाढतो. भरलेली घागर कमरेवर घेतली, तर दूर नेता येते. तीच हात लांब करून धरली, तर खांदा लगेच भरून येतो. तसेच हे आहे. म्हणून योग्य लांबीचे बोल्ट आणि जाणत्या कारागिराचा हात असल्याशिवाय हा उपाय करू नये.

काही उतावळे लोक भलतेच मार्ग सुचवतात. टायर अरुंद व्हावा म्हणून कोणी त्यात गरजेपेक्षा जास्त हवा भरतात. त्यामुळे टायर फारसा अरुंद होत नाही. उलट त्याचा मधलाच भाग जमिनीला टेकतो, पकड घटते आणि टायर लवकर झिजतो. कोणी सांगाडाच कापण्याचा किंवा ठोकून चेपण्याचा सल्ला देतात. सांगाडा म्हणजे गाडीचा कणा. जोड्याला जागा व्हावी म्हणून कोणी पायाचे बोट कापीत नाही! शिवाय कारखान्याने ठरवलेल्या व नोंदणीपत्रात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२व्या कलमाने मनाई आहे.

मोठ्या टायरचा आणखी एक परिणाम लोकांच्या ध्यानात येत नाही. आपल्या उदाहरणातील नव्या टायरचा व्यास ७३८ मिलिमीटर आहे. म्हणजे तो जुन्यापेक्षा शेकडा सुमारे ५ने मोठा आहे. चाकाचा प्रत्येक फेरा तितकाच अधिक लांबीचा झाला. ज्या गाडीचा वेगदर्शक मागच्या चाकांच्या फेऱ्यांवर चालतो, तिचा काटा ताशी ६० किलोमीटर दाखवील, तेव्हा गाडी प्रत्यक्षात सुमारे ६३च्या वेगाने धावत असेल. एका भागात केलेला बदल दुसऱ्या भागाला असा जाऊन भिडतो.

मुलांनो, ही दुरुस्ती मोठ्यांनी आणि जाणत्या कारागिरांनीच करावयाची आहे. जॅकवर उचललेल्या गाडीखाली तुम्ही कधीही शिरू नका. पण तुमचे डोळे, कान आणि नाक ही तीन साधने तुमच्याजवळ आहेत. गाडीत बसताना टायरच्या भिंतीवर गोलाकार झिजलेला पट्टा दिसला, वळणावर घरघर ऐकू आली, किंवा जळक्या रबराचा वास आला, तर चालकाला अवश्य सांगा. 'लहान तोंडी मोठा घास' म्हणून गप्प बसू नका. वेळीच सांगितलेल्या एका वाक्याने गाडीतील सर्वांचे प्राण वाचू शकतात.

बंडी असो वा मोटार, चाकाला फिरण्यासाठी जशी वाट लागते, तशी सभोवती थोडी मोकळीकही लागते. ती किती असावी, हे यंत्र घडवणाऱ्याने मापून ठरवलेले असते. त्यात बदल करावयाचा झाला, तर आधी मोजावे, मग विचार करावा आणि शेवटी हत्यार हाती घ्यावे. आवाज बंद करणारा पुष्कळदा घाईने काम उरकतो. आवाजाचे कारण शोधणारा मात्र तीच गाडी निर्धोकपणे घरी पोहोचवतो.

स्वाध्याय

१. बैलबंडीच्या चाकाला कोणती दोन कामे एकाच वेळी करावी लागतात?

२. धाव तापवून चढवण्यामागे विज्ञानाचा कोणता नियम आहे, ते सांगा.

३. उभ्या गाडीत दिसणारी मोकळीक चालत्या गाडीत कमी का होते? तीन कारणे लिहा.

४. एका गाडीच्या मागच्या चाकांची आतली मोकळीक डावीकडे २१ व उजवीकडे ९ मिलिमीटर भरली. आस कोणत्या बाजूला आणि किती सरकला आहे?

५. 'आतले दुखणे बाहेर ढकलले, म्हणजे ते बरे झाले असे होत नाही.' या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

६. आपल्या गावातील सुताराला किंवा मोटार मिस्त्रीला भेटा. चाक घासत असल्यास तो काय करतो, हे विचारून दहा ओळी लिहा.